घड्याळाच्या आतून : ब्लेचली पार्कमधल्या मुली, त्यांची मैत्री आणि कादंबरी



सुरुवात एका पोरकट वाटणाऱ्या प्रश्नानं करतो. घड्याळाचे काटे कोणत्या दिशेनं फिरतात? 'डावीकडून उजवीकडे,' असं समोरून कुणीतरी म्हणालं. बरोबर आहे. आपण सगळे असंच सांगू. १९४० साली इंग्लंडमध्ये डिली नॉक्स नावाचे एक गृहस्थ हा प्रश्न हाताखाली नव्यानं येणाऱ्या मुलींना विचारत असत. ते मूळचे ग्रीकचे पंडित. फाटक्या पपायरसवरून जुन्या ग्रीक ओळी जुळवणं हा त्यांचा खरा व्यवसाय. पहिल्या महायुद्धापासून सरकारनं त्यांना शत्रूच्या गुप्त तारा उलगडायला बसवलं होतं. मुलगी तुमच्यासारखंच उत्तर द्यायची. मग नॉक्स म्हणायचे की तू घड्याळासमोर उभी आहेस म्हणून तसं दिसतं. घड्याळाच्या आत बसलेल्याला काटे उलटेच फिरताना दिसतील.

हा प्रश्न मला आज दोन कारणांसाठी हवा आहे. एक म्हणजे, या बायकांनी जे काम केलं त्याची किल्ली त्यात आहे. आणि दुसरं म्हणजे, त्यांच्यावर ज्या कादंबऱ्या निघाल्या आहेत त्यांच्याकडे कसं बघायचं, याचीही आहे. इतिहास घड्याळासमोर उभा राहतो. कादंबरी आत जाऊन बसू पाहते. आत बसण्याचा अधिकार तिला आहे का, आणि असला तर कुठपर्यंत, एवढाच आजचा विषय.

आधी इतिहास. लंडनच्या वायव्येला साधारण ८० किलोमीटरवर ब्लेचली नावाचं रेल्वेचं गाव आहे. तिथल्या एका श्रीमंताच्या हवेलीत १९३९ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारचं सांकेतिक लेखनाचं खातं हलवलं गेलं. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा हवेलीभोवती लाकडी बराकी उठल्या. त्यांना नुसते आकडे होते : हट ३, हट ४, हट ६, हट ८. युद्ध संपत आलं तेव्हा इथं आणि याच्या आसपासच्या केंद्रांवर मिळून नऊ हजारांच्या घरात माणसं काम करत होती. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या.

काम काय होतं? जर्मनांकडे एनिग्मा नावाचं यंत्र होतं. दिसायला टाइपरायटरसारखं. एक अक्षर दाबलं की आत चक्रं फिरायची, वीज वाकड्यातिकड्या वाटेनं जायची आणि वर दुसरंच अक्षर उजळायचं. तेच अक्षर पुन्हा दाबलं तर यावेळी तिसरंच. लष्करी यंत्रात पाचांपैकी तीन चक्रं निवडायची, ती कोणत्या क्रमानं आणि कोणत्या अक्षरापासून लावायची, पुढच्या फळीवर कोणत्या तारा जोडायच्या, हे सगळं धरलं तर शक्यता होतात १५९ वर अठरा शून्यं. आणि ही मांडणी रोज मध्यरात्री बदलायची. म्हणजे आज सोडवलेलं कोडं उद्या निरुपयोगी.

पण या यंत्रात एक खोट होती. कोणतंही अक्षर स्वतःच स्वतःच्या जागी येऊ शकत नव्हतं. 'क' दाबला तर 'क' सोडून काहीही येईल. आपल्याला ही बाब किरकोळ वाटते. ब्लेचलीतल्या लोकांनी तिच्यावर डोंगर उभा केला.

मेव्हिस लीव्हर नावाची मुलगी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जर्मन साहित्य शिकत होती. १९४० मध्ये शिक्षण अर्धवट सोडून ती नॉक्स यांच्या गटात आली, तेव्हा तिचं वय १९. तिथंच मार्गारेट रॉक होती. गणित शिकलेली, संख्याशास्त्राची नोकरी केलेली, वयानं मेव्हिसपेक्षा अठरा वर्षांनी मोठी. हवेलीच्या तबेल्याजवळच्या छोट्या घरात हा गट बसायचा. बाहेरचे लोक त्यांना 'डिलीच्या मुली' म्हणत, आणि त्या म्हणण्यात थट्टा होतीच.

एकदा मेव्हिसच्या हाती इटलीच्या आरमाराचा एक संदेश आला. ती बघत बसली आणि तिच्या लक्षात आलं की या अख्ख्या कागदावर 'एल' हे अक्षर एकदाही नाही. का नसावं? उत्तर असं : कुणा कंटाळलेल्या सैनिकाला खोटा, भरताडाचा संदेश पाठवायला सांगितलं असणार, आणि त्यानं आरामात टेकून शेवटचं बटण, म्हणजे 'एल'च, दाबत राहिला असणार. 'एल' दाबल्यावर 'एल' सोडून बाकी सगळं येणार! म्हणजे मूळ मजकूर काय, हे आयतं कळलं. बघा, इथं तिनं गणित नंतर केलं. आधी ती त्या कंटाळलेल्या पोराच्या जागी जाऊन बसली. घड्याळाच्या आत.

मार्च १९४१ मध्ये याच गटानं इटालियन आरमाराचा एक त्रोटक संदेश उलगडला. आजचा दिवस म्हणजे 'त्या' दिवसाच्या तीन दिवस आधीचा, एवढाच त्याचा अर्थ. तीन दिवसांनी काहीतरी होणार होतं. काय, ते माहीत नाही. गट तीन दिवस, तीन रात्री टेबलावरून उठला नाही. तपशीलवार संदेश फुटला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि बाहेर धो धो पाऊस होता. तो कागद घेऊन मेव्हिस त्या पावसात पळत सुटली. पुढे ग्रीसच्या दक्षिणेला केप मटापानपाशी ॲडमिरल कनिंगहॅम यांच्या आरमारानं इटलीच्या तीन मोठ्या क्रूझर आणि दोन विनाशिका बुडवल्या. कनिंगहॅम नंतर त्या छोट्या घरात आभार मानायला स्वतः आले. भिंतींना नुकताच चुना लावला होता. मुलींनी गप्पांच्या ओघात ॲडमिरलसाहेबांना अशा खुबीनं भिंतीकडे सरकवलं की निघताना त्यांच्या गडद गणवेशाच्या पाठीवर पांढरा चुना! (हशा)

आपण हसलो. त्याही हसल्या असतील. मटापानच्या लढाईत सुमारे २३०० इटालियन खलाशी मेले, हेही इथंच सांगायला हवं. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, एक कागद आणि २३०० माणसं. मला वाटतं, कादंबरी इथून सुरू व्हायला हवी. पण त्याकडे नंतर येऊ.

त्याच वर्षी डिसेंबरात मेव्हिस आणि मार्गारेट यांनी जर्मन हेरखात्याच्या एनिग्माचा पहिला संदेश फोडला. त्यामुळे ब्रिटिशांनी आपल्या बाजूला वळवलेल्या हेरांकडून पाठवलेली खोटी माहिती जर्मन खरी मानतात की नाही, हे ब्रिटिशांना वाचता येऊ लागलं. १९४४ मध्ये नॉर्मंडीत सैन्य उतरवताना 'खरा हल्ला कॅलेलाच होणार' ही थाप पचली, तिची खातरजमा याच वाटेनं झाली. नॉक्स यांनी या दोघींवर कोटी केली होती. आर्किमिडीज म्हणाला होता, तरफ आणि टेकायला जागा द्या, पृथ्वी हलवतो. इंग्रजीत तरफेला लीव्हर म्हणतात आणि खडकाला रॉक. नॉक्स म्हणाले, मला एक लीव्हर आणि एक रॉक मिळाली की मी विश्व हलवीन. ग्रीकच्या पंडितालाच सुचावी अशी कोटी. पण त्यात एक समजही आहे. तरफ एकटी काही हलवत नाही, खडकही नाही.

हट ८ मध्ये जोन क्लार्क होत्या. केंब्रिजच्या गणिताच्या विद्यार्थिनी, ॲलन ट्युरिंग यांच्या सहकारी. आल्या तेव्हा कारकुनाच्या श्रेणीत, आठवड्याला दोन पौंडांवर. त्यांना बढती द्यायची ठरली, तेव्हा लक्षात आलं की वरिष्ठ संकेतभेदक स्त्री अशी श्रेणीच सरकारदरबारी नाही. मग त्यांना 'भाषातज्ज्ञ' करण्यात आलं. त्यांना एकही परकी भाषा येत नव्हती. फॉर्म भरताना 'श्रेणी : भाषातज्ज्ञ, भाषा : एकही नाही' असं लिहायला त्यांना मोठी मजा वाटायची म्हणे. १९४१ मध्ये ट्युरिंग यांच्याशी त्यांचा साखरपुडा झाला. ट्युरिंग यांनी आपल्याला पुरुषांचं आकर्षण आहे हे त्यांना लगेच सांगितलं. काही महिन्यांनी त्यांनीच तो मोडला. मैत्री मात्र राहिली. १९४४ मध्ये जोन क्लार्क हट ८ च्या उपप्रमुख झाल्या.

ही झाली नावं असलेल्या स्त्रियांची गोष्ट. बाकीच्या हजारो? आरमाराच्या स्त्री-दलातल्या मुली, ज्यांना 'रेन' म्हणत, 'बॉम्ब' नावाची कपाटाएवढी यंत्रं चालवायच्या. पाळी आठ तासांची. तेल, गरम पितळ, खडखडाट. यंत्र थांबलं की आकडे टिपायचे, फोनवरून कळवायचे, पुढची मांडणी लावायची. संदेश कुणाचा होता, त्यात काय लिहिलं होतं, यातलं काही त्यांना सांगितलं जात नसे. काम झालं, एवढं कळायचं. शेजारच्या बराकीत काय चालतं हे विचारायचं नाही. आपल्याकडे अंधगजन्याय म्हणतात. पण त्या सहा आंधळ्यांना निदान एकमेकांशी भांडता तरी येत होतं. इथं प्रत्येकीला हत्तीचा एक तुकडा दिला होता आणि तोंडावर बोट.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अशा ठिकाणी मैत्री कशी होते?

मी वर्षानुवर्षं वर्गात ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र शिकवलं. त्याचे दोन पूर्ण भाग मैत्रीवर आहेत. तो म्हणतो की मित्र एकत्र राहतात. मग लगेच खुलासा करतो की माणसांच्या बाबतीत एकत्र राहणं म्हणजे गुरांसारखं एका कुरणात चरणं नव्हे. बोलणं आणि विचार वाटून घेणं म्हणजे एकत्र राहणं. वर्गात हे पटायचं. ब्लेचलीबद्दल वाचल्यावर मात्र मी अडलो. एका खोलीत दोन मुली राहतात. एक रात्रपाळी करून येते, दुसरी दिवसपाळीला निघते. दिवसाचा सगळ्यात मोठा विचार, सगळ्यात मोठी भीती, सगळ्यात मोठा आनंद एकमेकींना सांगायचा नाही. मग हे कुरणच झालं की! ॲरिस्टॉटलच्या हिशेबानं ही मैत्रीच नव्हे.

पण त्यांच्या आठवणी वाचल्या तर असं दिसत नाही. त्या एकत्र गायच्या, नाटकं करायच्या, स्कॉटिश नाच शिकायच्या, हिवाळ्यात तळं गोठलं की त्यावर घसरायच्या. जेन ह्यूज नावाची हट ६ मधली मुलगी. १९४१ च्या मे महिन्यात 'बिस्मार्क' ही जर्मन युद्धनौका फ्रान्समधल्या ब्रेस्टकडे चालली आहे, हे सांगणारा संदेश तिच्या हातून गेला. दोन दिवसांनी बोट बुडाली. नंतर ही मुलगी ऑपेरात गायली, आणि पुढे व्हिक्टोरियन काळातल्या जुन्या इमारती पाडू नका म्हणून आयुष्यभर लढली. लंडनचं सेंट पँक्रास स्टेशन वाचलं त्यात तिचा वाटा आहे. लोक तिला त्या कामासाठी ओळखायचे. 'बिस्मार्क'बद्दल कुणाला काही माहीत नव्हतं.

माझं आता असं मत झालंय की ॲरिस्टॉटलचं एक वाक्य राहून गेलं. मित्र बोलणं वाटून घेतात, तसं न बोलणंही वाटून घेता येतं. समोरची थकून आली आहे, डोळे सुजलेत, आणि मी विचारत नाही. का विचारत नाही, हे तिला माहीत आहे. आणि तिला माहीत आहे हे मला माहीत आहे. हा अबोला नाही. अबोल्यात राग असतो. यात भरवसा आहे.

आणि भरवसा किती? आपण म्हणतो, गुपित षट्कर्णी होऊ नये. तिसऱ्याच्या कानावर गेलं की फुटलंच. इथं नऊ हजार माणसं, म्हणजे अठरा हजार कान. १९७४ मध्ये विंटरबॉथम यांचं पुस्तक येईपर्यंत, म्हणजे युद्ध संपल्यावरही २९ वर्षं, जगाला पत्ता नव्हता. महाभारतात युधिष्ठिर समस्त स्त्रियांना शाप देतो की तुमच्या पोटात काही राहणार नाही. तो शाप आपण आजही हसत हसत वापरतो. गंमत अशी की तो शाप कुंतीनं गुपित फोडलं म्हणून दिलेला नाही, तिनं ते आयुष्यभर पोटात ठेवलं म्हणून दिलेला आहे! आणि ब्लेचलीतून कुणी माहिती बाहेर नेली? जॉन केर्नक्रॉस. केंब्रिजला शिकलेला पुरुष. तो सोव्हिएत हेर होता आणि उलगडलेले कागद लपवून घेऊन जायचा.

पण मला या मौनाचा गौरव करून थांबायचं नाही. कारण त्याची किंमत कुणी दिली? युद्ध संपलं, मुली घरी गेल्या. 'युद्धात काय करत होतीस?' या प्रश्नाला 'ऑफिसात काहीतरी' हे उत्तर. नवी नोकरी शोधताना त्या वर्षांबद्दल सांगायला काही नाही. कित्येकींचे आईवडील, काहींचे नवरे, आपली मुलगी किंवा बायको कोण होती हे न कळताच गेले. चर्चिल यांनी ब्लेचलीच्या लोकांना 'सोन्याची अंडी घालणारी आणि कधीही न कलकलणारी हंसं' म्हटल्याचं सांगतात. कौतुकच आहे. पण अंडी मोजली गेली, हंसांची नावं लिहिली गेली नाहीत. ब्रिटिश सरकारनं हयात असलेल्यांना स्मृतिचिन्ह दिलं ते २००९ मध्ये. तोवर तरुणातली तरुण मुलगीही म्हातारी झाली होती.

अमेरिकेत तेच. आर्लिंग्टन हॉलमध्ये आणि वॉशिंग्टनच्या आरमारी केंद्रात मिळून दहा हजारांहून जास्त स्त्रियांनी हे काम केलं. लायझा मंडी यांनी २०१७ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यात व्हर्जिनियातली डॉट ब्रेडन ही शाळामास्तरीण आणि तिची मैत्रीण रुथ, जिला ती 'क्रो' म्हणायची, अशी जोडी आहे. मंडी भेटायला गेल्या तेव्हा डॉट नव्वदीत होती आणि सत्तर वर्षांनंतरही बोलायला कचरत होती. परवानगी आहे, असं तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

आपल्या देशाचा धागाही जाता जाता सांगतो. ब्लेचलीची एक मोठी शाखा दिल्लीत होती, आनंद पर्बतवर, रामजस कॉलेजच्या इमारतीत. तिथं जपानी संदेश ऐकले आणि उलगडले जात. त्या टेकडीखालून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

तर आता कादंबरी. कागदपत्रं सांगतात की कोणता संदेश कधी फुटला. त्या रात्री दोघी खोलीवर परतल्यावर काय झालं, हे कागद सांगत नाहीत, कारण तिथं नियमच होता की काही लिहायचं नाही. ही मोकळी जागा कादंबरीला बोलावते. ॲरिस्टॉटलनंच काव्यशास्त्रात म्हटलंय की इतिहास घडलेलं सांगतो, काव्य घडू शकेल ते सांगतं, म्हणून काव्य तत्त्वज्ञानाच्या जास्त जवळ आहे. आपल्याला हे नवीन नाही. रणजित देसाईंच्या 'स्वामी'त माधवराव आणि रमाबाई जे बोलतात ते कोणत्या बखरीत आहे? तरी आपण रडलोच ना.

रॉबर्ट हॅरिस यांची 'एनिग्मा' १९९५ मध्ये आली. त्यात हेस्टर वॉलेस नावाची हुशार बाई आहे, पण गोष्ट मुख्यतः पुरुषाची. २०१२ मध्ये 'द ब्लेचली सर्कल' ही मालिका आली. युद्धानंतर संसारात अडकलेल्या चार मैत्रिणी खुन्याचा माग काढतात. कल्पना बेतीव वाटते, पण त्यातली एक गोष्ट खरी आहे : इतकं डोकं चालवलेल्या बाईला नंतर नुसत्या स्वयंपाकघरात बसवलं तर काय होतं. २०१४ चा 'द इमिटेशन गेम' हा सिनेमा मात्र मला खटकतो. त्यात जोन क्लार्क शब्दकोड्याच्या स्पर्धेतून निवडली जाते. प्रत्यक्षात त्यांना केंब्रिजमध्ये शिकवणाऱ्या गॉर्डन वेल्चमन यांनी त्यांचं गणित बघून बोलावलं होतं. बदल छोटा वाटतो. पण तिची कमाई काढून घेऊन तिच्या हातात योगायोग दिला. जी बाई कागदोपत्री आधीच 'भाषातज्ज्ञ' म्हणून पुसली गेली होती, तिला दुसऱ्यांदा पुसलं.

केट क्विन यांची २०२१ ची 'द रोझ कोड' ही कादंबरी थेट मैत्रीवर आहे. ओस्ला, मॅब आणि बेथ या तिघी. एक उमरावांच्या घरातली, एक लंडनच्या गरीब वस्तीतली, एक आईच्या धाकात दबलेली ब्लेचलीतलीच पोर. ओस्लाला ओस्ला बेनिंग या खऱ्या मुलीचा आधार आहे, बेथमध्ये मेव्हिस आणि मार्गारेट यांची सावली आहे. युद्धात तिघींची मैत्री जुळते, तुटते, आणि १९४७ मध्ये वेड्यांच्या इस्पितळातून बेथचा सांकेतिक निरोप येतो. आत कुणीतरी फितूर होतं. कादंबरी वाचनीय आहे, मी रात्र जागून वाचली. पण वाचून झाल्यावर एक प्रश्न राहिला. फितुरी का लागली? कारण कादंबरीला स्फोट हवा असतो. खरी गोष्ट अशी आहे की बहुतेक कुणीच फितूर झालं नाही. मैत्रिणींनी एकमेकींना दगा दिला नाही, फक्त एकमेकींना काही सांगितलं नाही, आणि तशाच म्हाताऱ्या झाल्या. यावर कादंबरी लिहिणं फार अवघड आहे. ती कुणीतरी लिहायला हवी.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मैत्री, भीती, मटापानच्या बातमीनंतरची ती रात्र, हे कादंबरीकारानं खुशाल कल्पावं. तिथं आत बसण्याचा अधिकार तिला आहे, कारण दुसरं कुणी बसू शकत नाही. पण कुणी काय काम केलं, कशाच्या बळावर केलं, हे तिनं बदलू नये. ज्या माणसाला स्वतःचं काम तीस वर्षं सांगता आलं नाही, त्याचं काम बदलून सांगणं हा साधा कलात्मक बदल राहत नाही. त्याला प्रतिवाद करण्याची संधी आपणच नाकारलेली असते.

मेव्हिस लीव्हर, लग्नानंतरच्या मेव्हिस बेटी, २०१३ मध्ये गेल्या. मौन सुटल्यावर, २००९ मध्ये, त्यांनी पुस्तक लिहिलं ते डिली नॉक्स यांच्यावर. नॉक्स १९४३ मध्येच कॅन्सरनं गेले होते. त्यांना स्वतःबद्दल काही सांगताच आलं नव्हतं. ६६ वर्षांनी त्यांच्या एका मुलीनं ते सांगितलं. घड्याळाचा तो प्रश्न आपल्यापर्यंत पोचला तोही तिच्यामुळेच.

तेव्हा घरी गेल्यावर एक करा. घरात कुणी ऐंशीच्या पुढची बाई असेल, तर तिला विचारा की तरुणपणी तू काय करायचीस. पहिलं उत्तर 'काही नाही रे' असंच येईल. तिथं उठू नका.